कोणी पडलं तरच दिसणारा जावई

माझी आई सामन्याच्या दिवशी सकाळी आमच्या हिंगणी गावच्या मारुतीसमोर हात जोडून एका अनोळखी माणसाचा पाय मुरगळावा, अशी प्रार्थना करायची. एरवी आई अतिशय मऊ मनाची. अंगणात लंगडं मांजर दिसलं तरी तिच्या घशाखाली घास उतरत नसे. पण पोराचं तोंड पाहायचं म्हटलं की कोणाचा तरी पाय मुरगळल्याशिवाय इलाज नव्हता, आणि याला कारण माझी नोकरी.

मी गोव्यातल्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबात फिजिओथेरपिस्ट होतो. नव्वदच्या दशकात नागपूरला शिकलो, काही वर्षं इकडेतिकडे उमेदवारी केली आणि शेवटी त्या क्लबात चिकटलो. खेळाडूंचे पाय, गुडघे, मांड्या, कंबर, सगळं माझ्या ताब्यात. सामना चालू असताना मात्र मी बाकावर बसायचो. आमचा खेळाडू पडला, पंचाने हात करून बोलावलं, तरच बॅग घेऊन आत पळायचं. आपल्या मनानं आत जाता येत नाही. टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे, बाकाकडे तो कशाला बघेल? म्हणजे कोणी पडलं तर मी टीव्हीवर, नाही पडलं तर मी जगात आहे की नाही हेसुद्धा हिंगणीत कळायचा मार्ग नव्हता.

गावात केबल आली आणि आमच्या घरी सामना पाहायला आळीतल्या बायका जमू लागल्या. फुटबॉल कोणालाच कळत नव्हता. चेंडू जाळीत गेला तरी कोणी हूं की चूं करत नसे. खेळाडू पडला की मात्र सगळ्या सरसावून बसायच्या. पहिल्यांदा मी दिसलो तेव्हा माझी नुसती पाठ दिसली म्हणे. शेजारच्या काकूंनी शंका काढली, तर आई म्हणाली, "पाठमोरा असला म्हून काय झालं? माह्यंच आहे ते. सुकला पाहा जरासा."

सुरुवातीला आई कोणाच्याही पडण्यावर खूश असायची. पुढे मी एकदा तिला फोनवर समजावलं, "माय, दुसऱ्या टीमचा पडला त त्याईचा मानूस येते. मी नाई येत."

आई हळूच म्हणाली, "म्हन्जे आपलाच पडाले पाहिजे?"

हे तिला जड गेलं. परक्याचं एक वेळ चाललं असतं, पण ज्यांच्यात आपला पोरगा राहतो, जेवतो, त्यांचंच वाईट कसं मागायचं? तेव्हापासून तिची प्रार्थना फार जपून होऊ लागली. "मारोतीराया, जास्त नोको. हाड नोको मोडू कोनाचं. उगीच थोडासा पाय मुरगळू दे, माह्यं पोरगं येऊन जाईन." आमच्या संघात एक आघाडीचा खेळाडू होता, त्याचा उजवा घोटा मुळातच कच्चा. तो बहुतेक सामन्यांत पडायचा. आईचा त्याच्यावर फार जीव. आळीतल्या बायकांना ती सांगायची, "लय गुनाचं पोरगं आहे व. दर डाव पडते."

बाबा या मंडळीत कधी बसले नाहीत. सामना लागला की ते बाहेर ओट्यावर कापसाच्या वाती वळल्यासारखं काहीतरी करत बसायचे आणि आत गलका झाला की तिथूनच विचारायचे, "पडला का?" पडला म्हटलं की "बरं" म्हणायचे आणि पुन्हा आपल्या कामाला लागायचे. त्यांना माझं काम कधी पटलं नव्हतं. कोणी विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "पोरगा गोव्याले आहे. खेळनाऱ्याईचे पाय चोपून देते." मी सतरा वेळा सांगितलं असेल की हे चोपणं नाही, याला शास्त्र आहे. ते मान हलवायचे आणि पुढच्या माणसाला तेच सांगायचे.

पोळ्याला मी घरी असायचोच, कारण क्लबाचा हंगाम त्यानंतर सुरू व्हायचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जू वाहून खांदा निबर होतो, त्याला तूप-हळद चोळून शेकायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. हे काम बाबा आजवर स्वतः करत आले होते. मी फिजिओ झालो त्या वर्षापासून त्यांनी तूप-हळदीची वाटी सरळ माझ्या हातात द्यायला सुरुवात केली.

"घे. तुहं त शिक्षनच याचं आहे."

"बाबा, माझं शिक्षण जास्त पायाचं आहे."

"त्याईले चार चार पाय बी आहेत," बाबा म्हणाले, आणि बिडी पेटवून समोर बसले.

त्यांचं मिस्कील बोलणं मला लागायचं नाही असं नाही. पण बैल मात्र माझ्यावर खूश असायचे, एवढं समाधान होतं.

लग्नाचं वय उलटून चाललं तशी आई घाबरली. पोरगा परगावी, नोकरी अशी की सांगताना घरच्यांचीच जीभ अडखळते. अशात पुलगावचं एक स्थळ आलं. मुलीच्या वडिलांचं बाजारात कापडाचं दुकान, थोडी शेती, मुलगी वर्ध्याला एका शाळेत शिकवायला. दिवाळीनंतर मी सुटी काढून आलो आणि आम्ही पाहायला गेलो.

मुलीच्या वडिलांनी मला लुगड्याचा पोत पाहावा तसं पाहिलं. मग विचारलं, "डाक्टर म्हन्जे, सुई देता?"

"नाही."

"गोळ्या?"

"नाही. व्यायाम देतो."

"खेळनाऱ्याईले?"

"हो."

"ते त दिवसभर व्यायामच करतात ना?"

बाबा खाली पाहून पोहे खाऊ लागले. त्यांना हसू आवरत नव्हतं हे त्यांच्या खांद्यांवरून मला समजत होतं. आईने घाईघाईने सांगितलं की माझा पोरगा टीव्हीवर येतो. "कवा येतात?" मुलीच्या वडिलांनी विचारलं. आई म्हणाली, "कोनी पडलं की येते."

तेवढ्यात कोणीतरी रीतीप्रमाणे म्हणालं, मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू दे. अशा वेळी मुली मान हलवून नाही म्हणतात. ही म्हणाली, "अन् कोनी नाई पडलं, त तुम्ही काय करता?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आईने नाही, बाबांनी नाही, क्लबाच्या मालकांनीसुद्धा नाही. मी जो सुटलो तो थांबेचना. सकाळी खेळाडू जिना उतरतात तेव्हा मी खाली उभा राहतो आणि कोण कुठला पाय जपून टाकतो ते पाहतो. कोणाच्या घोट्याला पट्टी कशी बांधायची, ती किती ताणायची, कोणाला आज धावू द्यायचं नाही, ते प्रशिक्षकाला कसं पटवायचं, आणि तो खेळाडू त्यासाठी मला कशा शिव्या देतो. मुलीच्या वडिलांनी मध्ये दोनदा घड्याळ पाहिलं. ती मात्र रिकामा ट्रे हातात धरून ऐकत उभी होती. मला ती मुलगी तिथल्या तिथे आवडली. परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर पाहत होतो, पण एक झाड दिसलं असेल तर शपथ.

मुलीचे वडील मात्र व्यापारी माणूस. माल डोळ्याने पाहिल्याशिवाय सौदा नाही. त्यांचा निरोप आला की मुलगा काम करतो ते एक डाव पाहून घेतो, मग सांगतो. गोव्याला जाणं काही लग्नसराईच्या दिवसांत त्यांना जमणार नव्हतं. ठरलं असं की टीव्हीवर दाखवणार असलेल्या एका रविवारच्या सामन्याला माझ्या आईबाबांनी पुलगावला त्यांच्या घरी जायचं आणि सगळ्यांनी मिळून जावयाचं काम पाहायचं. मी दिसलो तर लग्न, असा सरळ हिशेब.

त्या रविवारी सकाळी मी त्या गुणाच्या पोराचा उजवा घोटा मांडीवर घेऊन बसलो होतो. गेले दोन महिने त्याच्या घोट्यावर मी जीव तोडून मेहनत घेतली होती. वाळूत चालवला, एका पायावर उभा केला, रडवला. पट्टी बांधताना एक पापी विचार मनात आला. आज पट्टी थोडी ढिली सोडली तर? थोडासा मुरगळेल, एवढंच. आईचा मारुतीराया आणि मी, दोघं मिळून जमवू. विचार असा चालू होता आणि हात आपले शिकल्याप्रमाणे घट्ट पट्टी बांधत होते. बांधून झाली तेव्हा मी ती ओढून पाहिली. तिच्यात बोट जाईना. मी मनात म्हटलं, गेलं लग्न.

पुलगावला काय झालं ते मी आई, बाबा आणि माझी बायको अशा तिघांकडून ऐकलं आहे. तिघांचं एकमेकांशी जुळत नाही. जुळतं तेवढं सांगतो.

समोरच्या खोलीत आजूबाजूचे व्यापारीही येऊन बसले होते. जावई दिसणार म्हणून चिवडा, शेव, चहा अशी बडदास्त होती. बाबा आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण सामना पाहायला बसले, कारण दुसऱ्याच्या घरी ओट्यावर जाऊन बसणं बरं दिसलं नसतं. सामना सुरू झाला आणि आमच्या संघातलं कोणी पडेचना. दुसऱ्या संघाचे दोनतीन पडले. त्यांचा फिजिओ आत पळाला तेव्हा सगळ्यांना वाटलं हाच जावई, आणि एकाने तर "बरे आहेत दिसाले" असंही म्हटलं. आईला सांगावं लागलं की हा आपला नाही. मध्यंतर झालं, चहा दुसऱ्यांदा झाला. आई पदराआड हात जोडून बसली होती. तिचा गुणाचा पोरगा हरणासारखा पळत होता.

सामना संपत आला आणि तो पडला. पुलगावच्या त्या खोलीत म्हणे सगळे उठून उभे राहिले. इकडे मला दिसलं, त्याने उजवाच पाय धरला होता. मी बॅग उचलून रेषेपर्यंत धावलो. कॅमेरा माझ्यावर आला. मी अख्खा, समोरून, चेहऱ्यासकट टीव्हीवर. आणि तेवढ्यात तो खेळाडू उठला. त्याने पाय झटकला, हात वर केला, काही नाही झालं म्हणून सांगितलं. पंचाने माझ्याकडे पाहून हाताने खूण केली की जा, परत जा. मी वळलो आणि बाकावर येऊन बसलो. घोटा शाबूत होता. मला इतका आनंद झाला होता की आज लग्नाचा दिवस आहे हेच मी विसरलो.

पुलगावच्या खोलीत सगळे पुन्हा खाली बसले. मग मुलीच्या वडिलांनी विचारलं, "हाकललं काय यायले?"

आई रडकुंडीला आली. तिने सांगायचा प्रयत्न केला की तसं नसतं, पण तसं नसतं तर कसं असतं हे तिलाही माहीत नव्हतं. मुलीचे वडील चिवड्याची वाटी बाजूला ठेवून म्हणाले, "दोन तास बसलो. यायनं त काहीच केलं नाई."

तेव्हा मुलगी दाराशी उभी होती. म्हणाली, "बाबा, रंग गेला म्हून एक बी लुगडं परत नाई आलं, त त्या दिवशी तुम्ही दुकानात काहीच केलं नाई म्हनाचं काय?"

माझे बाबा तेवढे मोठ्याने हसले, आणि चारचौघांत हसलो म्हणून लगेच खोकू लागले.

दुसऱ्या दिवशी मी घरी फोन केला तर बाबांनी उचलला. मी विचारलं काय झालं. ते म्हणाले, "काय होते? तू गेला अन् आला." मग म्हणाले, "पोट्टी बरी आहे. तिले तुह्या कामाचं आमच्याहून जास्त समजते." बाबांनी "चोपणं" न म्हणता "काम" म्हटलं, हे मी फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. डोळे भरून आले. क्लबातल्या मुलांना वाटलं घरी काही वाईट झालं.

होकार यायला बरेच दिवस लागले, पण आला. उन्हाळ्यात लग्न झालं. मांडवात सासरे पाहुण्यांना माझी ओळख करून देत होते, "जवाई फुटबॉलमध्ये आहेत. कोनी पडलं तरच दिसतात." सगळ्या मांडवाने माझ्याकडे अशा काळजीने पाहिलं, जणू आता इथेच कोणीतरी पडेल.

बायकोची नोकरी वर्ध्याला, म्हणून आम्ही बोरगाव मेघेला दोन खोल्या घेतल्या. गोव्याला क्लबाने मला गोलरक्षकांच्या प्रशिक्षकाबरोबर एका खोलीत ठेवलं होतं, तिथे तिला कुठे नेणार? हंगामभर मी तिकडे, ती इकडे. ती सामने पाहायची. हिंगणीला आई कोणीतरी पडावं म्हणून हात जोडायची आणि बोरगावला सून कोणी पडू नये म्हणून. मारुतीरायाची तेवढी वर्षं फार ओढाताण झाली असणार. सामना संपला की मी फोन करायचो. मी आत गेलो नसेन तर ती म्हणायची, "आज दिसले नाई. बरं झालं."

हे ऐकून मला दर वेळी शाबासकी मिळाल्यासारखं वाटायचं. कारण मी दिसायची तिला ओढ नव्हती असं नाही. ती होती हे तिच्या आवाजात ऐकू यायचं, आणि तरी ती बरं झालं म्हणायची.

मग मुलगी झाली. ती बसायला, रांगायला, बोलायला शिकली, ते मी फोनवर ऐकलं. तिचे पहिले दोन हंगाम सांभाळायला आलेल्या आजीच्या मांडीवर टीव्हीसमोर गेले. त्यानंतरच्या पावसाळ्यात मी घरी होतो. आईबाबा हिंगणीहून आले होते. परदेशातला कुठला तरी सामना टीव्हीवर लागला होता, मी मुलीच्या शेजारी सतरंजीवर बसून तिला केळं भरवत होतो. एक खेळाडू पडला. बॅग घेतलेला एक गोरा माणूस आत धावला. मुलीने टाळ्या पिटल्या आणि टीव्हीकडे बोट करून ओरडली, "बाबा आले! बाबा आले!"

आई हसली. बाबा हसले. मीही हसलो. केळं माझ्या हातात तसंच होतं. मी तिला म्हटलं, "बाळा, मी इथं आहे." तिने माझ्याकडे पाहिलं, केळ्याचा घास घेतला आणि पुन्हा टीव्हीकडे पाहून टाळ्या पिटल्या.

बायको हसली नाही. उठून आत गेली. मी मागोमाग गेलो तर ती ओट्यावर कणीक मळत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "या साली मीबी मनात म्हनत होती, एखांदा पडू दे म्हून. सांगितलं नाई तुमाले."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ती एकटीच काय ती माझ्या बाजूची होती, आणि तिलाही शेवटी आईसारखे हात जोडावे लागले होते.

त्या हंगामाला मी गेलो नाही. सुखाने सोडलं असं खोटं कशाला सांगू? मला ते हिरवं मैदान, पट्ट्यांचा वास आणि त्या मुलांच्या शिव्या अजून आठवतात. बोरगावच्या घराच्या पुढच्या खोलीत मी दोन पलंग टाकले. पहिले पेशंट सासरेच, खांदा धरला होता. खुर्चीवर बसता बसता म्हणाले, "सुई देता का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मालूम आहे."

हंगाम सुरू झाला तेव्हा माझ्या जुन्या क्लबाचा सामना टीव्हीवर लागला. आईने सवयीने हात जोडले, मग आपणच ओशाळून खाली घेतले. आमचा गुणाचा पोरगा अजून खेळत होता आणि उत्तम पळत होता. पूर्ण सामन्यात कोणी पडलं नाही. मुलगी कंटाळून माझ्या मांडीवर झोपली. सामना संपल्यावर बायकोने टीव्ही बंद केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आज दिसले. बरं झालं."